सुतळीने पारखलेली व्हॅन

लिलावातली गाडी चालवून बघता येत नाही, म्हणून शोभाताई पिशवीत सुतळी ठेवत. डबे पोचवायला त्यांना स्वतःची व्हॅन हवी होती. कन्हान गावच्या लिलावाच्या आवारात नाक चेपलेली एक दिसली.

"भंगार आहे वं, चाल घरी," नवरा, बाबाराव म्हणाले.

"काहून घाई करून राहिले जी? धरा हे टोक."

पुढच्या डाव्या चाकापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट, त्यांनी सुतळी ताणली. दोन्ही मापं जुळली. म्हणजे नुसता पत्रा चेपला होता, सांगाडा सरळच होता. गजाननाचं नाव घेऊन शोभाताईंनी बोली लावली. त्यावर कोणी बोली चढवलीच नाही, व्हॅन त्यांची झाली.

"आता हिले न्यायचं कसं?" बाबारावांनी विचारलं.

"तुम्ही क्रेनवाल्याले बलवा. तवर मी आपल्या लक्ष्मीले कुंकू लावतो," शोभाताई व्हॅनकडे बघत म्हणाल्या.