आपांची अट

आपा एक शब्दही गाळत नसत. शिवी आली तर तीही तशाच थंड आवाजात पलीकडे पोचवत. कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी कोरियन आणि चिनी शिकून पुण्यात दुभाषाचं काम करायची. सगळे तिला आपाच म्हणत.

औंढ्याच्या दत्ताभाऊंची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली, तेव्हा आम्ही कामगार चळवळीतल्यांनी आपांना शोधलं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला गार्ड असतो. तो दत्तानेच काढला, असं म्हणून कंपनीने त्यांना कामावरून काढलं होतं. हा धादांत खोटा आरोप आहे, असं आमच्या पत्रकात मी ठणकावून लिहिलं. बोलणी कोरियन मॅनेजर आणि मशीन बसवणाऱ्या चिनी इंजिनिअरशी होती. कंपनीचा दुभाषी साहेबांचं पाच मिनिटांचं बोलणं "बघू म्हणतात" एवढ्यात गुंडाळायचा. आम्हाला आमचा माणूस हवा होता.

"तुमचा माणूस हवा असेल तर दुसरं कुणी बघा," आपा म्हणाल्या.

"चळवळीचं काम आहे, आपा."

"मग तर पूर्ण फी. फुकट आले तर तुमची होईन."

बैठकीच्या सुरुवातीलाच त्यांनी तिन्ही भाषांत अट सांगितली : या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पोचेल. आम्ही माना डोलावल्या. अर्थ कुणाच्याच डोक्यात शिरला नव्हता.

गार्डचा विषय निघाला तसे दत्ताभाऊ माझ्याकडे झुकले. "गार्ड मीच काढलावता ओ. पर ह्ये त्यांना सांगू नका."

आपांनी ते कोरियनमध्ये सांगितलं, मग चिनीत. "सांगू नका"सकट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅनेजर विजयाने हसला.

इंजिनिअर मात्र उसळून त्याला चिनीत काहीतरी बोलला. मॅनेजरला तेवढी चिनी कळत असावी; त्याने घाईने आपांना हाताने थांबवत कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं. आपांनी पाण्याचा घोट घेतला आणि मराठीत म्हणाल्या, "इंजिनिअर मॅनेजरना म्हणतात, गार्ड लावला तर तुम्ही मागता तेवढा माल निघत नाही, म्हणून सगळेच तो काढतात, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. मॅनेजर म्हणतात, हे यांना सांगू नका."

मग कंपनीचा आरोप टिकेना. त्या संध्याकाळी दत्ताभाऊंना स्टोअरमध्ये परत घ्यायचं ठरलं.

गेटबाहेर मी आपांवर तडकलो. "भाऊंचं तेवढं एक वाक्य गाळलं असतं तर?"

"मग त्यांचंही गाळावं लागलं असतं," त्या म्हणाल्या आणि कामशेतच्या जीपमध्ये बसल्या. पुढे त्या कामासाठी चेन्नईला गेल्या. परत भेट नाही.

आता माझ्या प्रत्येक पत्रकात कंपनीचं म्हणणं पूर्ण छापलेलं असतं. चळवळीतली पोरं वैतागतात, "त्यांचं कशाला छापायचं?"

परवा दत्ताभाऊंनीच त्यांना गप्प केलं. उरलेल्या तीन बोटांत पत्रक धरून म्हणाले, "छापू द्या रं. माजी नोकरी त्यांच्याच बोलन्यानं वाचलीया."