मशीनबाईंची भुजली

मशीनबाई पडद्यावरच्या माणसांशी भांडत. तुमसरच्या टॉकीजमध्ये नायिका लबाड माणसाच्या गाडीत बसायला निघाली, की बायकांच्या बाकांवरून ह्यांचा आवाज आलाच समजा, "अवं, डोये फुटले का तुये?" नायिका अर्थातच ऐकायची नाही, आणि घरी आल्यावर तिच्यावरचा राग आम्हाला सोसावा लागे.

शिलाई मशीनवरून गाव त्यांना मशीनबाई म्हणायचं. मी शाळेतली नवी मास्तरीण, त्यांच्या माडीवरची भाडेकरू. खाली त्या आणि गिरजाबाई राहत. दोघींचं माहेर बपेरा गाव, दोघीही विधवा. लहानपणी राखीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानांवर खोचले आणि त्या 'भुजली' झाल्या. बपेऱ्यात हे नातं एकदा जडलं की जन्माचं, भुजलीचा शब्द कुणी मोडायचा नाही. नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची.

त्या वर्षी धानाची कापणी झाली आणि गिरजाबाईंच्या भावाचा निरोप आला: एक बिजवर ठरवलाय, न्यायला येतो. गिरजाबाईंनी विचारलं, "का करू?" मशीनबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुयी मर्जी." एरवी सिनेमातल्या बायांना भरभरून सल्ले देणाऱ्या बाई घरात अशा मुक्या. मला भारी राग यायचा.

मन रमवायला म्हणून एका रविवारी सकाळी दोघींना भंडाऱ्याला नेलं. तिथल्या कॉलेजच्या हौशी मंडळींनी एक फ्रेंच सिनेमा आणला होता. खालची इंग्रजी वाक्यं मी हळूच मराठीत सांगत होते. जुन्या काळची गोष्ट. सरदाराची मुलगी आणि तिला गाणं शिकवणारी बाई एकमेकींच्या प्रेमात पडतात. सुरुवातीला मशीनबाईंचं सगळं लक्ष झग्यांच्या घेरावर होतं. "कापड किती लागलं असंल वं!" मग मी शेजारी पाहिलं, तर त्या पडदा सोडून गिरजाबाईंकडे बघत होत्या. अगदी तसंच प्रेम माझ्या बाजूला बसलंय, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मुलीचं लग्न ठरतं. बग्गी दारात येते. गाणंवाली पायरीवर नुसती उभी. मशीनबाईंना राहवलं नाही. "अवं, थांब म्हन ना तिले! तोंड शिवून काहून उभी राहिली?"

सगळा हॉल हसला. गिरजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. हलकेच म्हणाल्या, "आन तू कधी म्हनशील मले?"

त्या आठवड्यात मशीनबाईंनी एका गिऱ्हाइकाच्या झंपराला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

भाऊ आला. गिरजाबाईंनी पिशवी भरली, चपला घातल्या. मशीन खडखडत होतं ते थांबलं. मशीनबाई उठून दारापर्यंत आल्या. "भुजली, नोको जाऊ. मले तुयाबिगर करमत नाही."

गिरजाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"आता गावाले का सांगू मी?" भाऊ गोंधळला.

"सांग," गिरजाबाई म्हणाल्या, "भुजलीनं जाऊ देल्लं नाही."

बपेऱ्याच्या माणसाला यापुढे काय बोलता येणार! त्यानं चहा घेतला आणि दुपारच्या एस.टी.नं एकटाच गेला. मी माडीच्या पायरीवर बसून रडत होते, आणि त्या दोघी मलाच समजावत होत्या.