रुई चिकटते ते मलम

ढाणकीत औषधाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा येत असेल, तर तो चेहऱ्याच्या मलमांचा. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, पण माणूस आरशात काय पाहून आलाय ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. लग्नसराई आली की पोरी काउंटरला रेलून उभ्या राहतात, ‘गोपालभाऊ, आठ दिवसांत गोरं करणारं द्या’ म्हणतात आणि मी ‘ते देवाच्या दुकानात मिळते’ म्हणून त्यांना वाटेला लावतो. त्यामुळे सुग्राबीनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि तिच्यावर सनस्क्रीन लिहिलेलं दिसलं, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडलीच.

सुग्राबी आणि तिचा नवरा हाफिज हे आमच्या गावचे गादीवाले. पिढीजात पिंजारी. हातगाडीवर पिंजायची मशीन, वर खोळींच्या कापडाचे तागे, खाली दोऱ्याच्या गुंड्या, असा त्यांचा संसार गल्लोगल्ली फिरतो. हाफिजचाचा गाडी ढकलतात, ती मागून हात लावते. कुणी हाक मारली की त्याच घरची वीज घेऊन मशीन सुरू. जुनी गादी फाडायची, दगड झालेला कापूस उन्हात पसरायचा, पिंजून फुलवायचा, नव्या खोळीत भरायचा आणि मग दाभणानं टाके घालायचे. पिंजणं त्यांचं, टाके हिचे. हाफिजचाचांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी बारीक काही दिसत नाही. दोरा सुईत जाणं तर दूरच, सुई जमिनीवर पडली तर ती शोधायलाही सुग्राबीच लागते.

हे सगळं काम उन्हाळ्यातलं, आणि भर उन्हातलं. पूर्वी घरांना अंगण असायचं, अंगणात लिंबाचं झाड असायचं. आता लोक झाड तोडून तिथे खोली काढतात आणि गादीवाल्याला सांगतात, ‘वर गच्चीवर बसा, मोकळं हाय.’ मोकळं असतंच. सावलीपासूनही मोकळं.

सुग्राबीच्या दोन्ही गालांवर वांग आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, ऊन जन्मभराचं, त्यात नवल काही नाही. पण शेजारणीच्या आग्रहावरून तिनं बाजाराच्या दिवशी एका पथारीवरून वांग घालवायची बिननावाची ट्यूब आणली आणि वर्षभर चोपडली. आधी वांग फिके झाले, ती खूश झाली. मग कातडी इतकी पातळ पडली की उन्हात पाऊल टाकताच तोंडाची आग व्हायची. एके दिवशी चेहरा असा सुजला की डोळे दिसेनात. उमरखेडला आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरांनी ती ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली आणि सांगितलं की कातडी सावरायला वेळ लागेल, तोवर उन्हात बसू नका. बसायचंच असेल तर रोज सनस्क्रीन लावा. आणि पुन्हा एकदा असा चेहरा सुजला तर हे काम कायमचं सोडावं लागेल.

“सोडून जाऊ कुठं मी?” ती काउंटरशी उभी राहून म्हणाली. “मी घरी बसली का ते बी बसले. टाके कोन घालन?”

तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती दिल्यासारखं बोलली. तिच्या बोलण्यात नेहमीच दिवसभराचा शीण असतो, अगदी सकाळी आली तरी.

“चाची, ओढणी बांधत जा ना तोंडाले,” मी म्हणालो.

“बांधतो ना भाऊ. आत रुई जाते, मंग खोकला सुटते. ओढणीतून ऊन तं येतेच, हवा नाई येत.”

कंपनीचे लोक देऊन जातात ती छोटी छोटी सॅम्पलं माझ्याकडे पडून असतात. मी तिला आधी एक दिलं. समजावूनही सांगितलं, अर्थात वैतागतच. पहिले काही दिवस कानामागे थोडंसं लावून पाहायचं, आग झाली नाही तरच तोंडाला लावायचं. बाहेर निघायच्या आधी लावायचं, दोन बोटं भरून घ्यायचं, कान आणि मान विसरायची नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. तिनं सगळ्याला मान हलवली. तिनं मान हलवली म्हणजे ऐकलं असं मुळीच नाही, हे मला नंतर कळलं. कानामागे-बिनामागे काही न करता तिनं ते पहिल्याच दिवशी तोंडभर फासलं, आणि त्यात वास घातलेला असल्यामुळे तासाभरात गाल लाल झाले. संध्याकाळी सॅम्पल काउंटरवर ठेवून म्हणाली, “वास चांगला हाय. सुरभीले देऊन द्या.” सुरभी म्हणजे माझी बायको.

दुसरं दिलं ते पाण्यासारखं पातळ जेल. या खेपेला तिनं कानामागे लावून पाहिलं. आग झाली नाही, चेहऱ्याला चिकटपणाही नव्हता. मी मनात म्हटलं, सुटलो. पण आमच्याकडचा एप्रिल त्या कंपनीवाल्यानं पाहिलेला नसावा. कपाळावरचा घाम जेल घेऊन डोळ्यांत उतरायला लागला. टाके घालताना डोळे चुरचुरून मिटले आणि दाभण अंगठ्यात गेलं. पट्टी बांधायलाही ती माझ्याकडेच आली.

“दोन मानसांत मिळून दोन डोळे चांगले हायेत आमच्याकडं,” ती म्हणाली, “ते बी तुमी घालवता का?”

मी हसलो, ती हसली नाही.

तिसरी मी कंटाळून दिली. जस्ताची, दाट पांढरी, लहान लेकरांच्या नाजूक कातडीलाही चालते तसली. आमच्याकडे ती कुणी घेत नाही, कारण सावळ्या तोंडावर ती पीठ लावल्यासारखी दिसते. सुग्राबीच्या कातडीला मात्र तीच मानवली. आग नाही, डोळ्यांत उतरणं नाही. फक्त एक भानगड झाली. मलम सुकायचं नाही, चेहऱ्यावर ओलसर बसून राहायचं, आणि मशीनमधून उडणारी सगळी रुई येऊन त्याला चिकटायची. गाल, हनुवटी, भुवया, सगळं पांढरं. गल्लीतल्या बायकांनी हसून हसून पोट धरलं. कुणी म्हणालं, सुग्राबीले दाढी आली. कुणी म्हणालं, या वयात मेकअप सुचला. ती तशीच रुईच्या तोंडानं माझ्या दुकानात आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मलाही हसू आवरलं नाही.

“हसा,” ती म्हणाली. “पन याच्यानं आग नाई होत. रुई चिकटत नाई, असं नाई का काई?”

नव्हतं. मी तिच्यासाठी होलसेलवाल्याला दोनदा फोन केला, तो माझ्यावरच खेकसला. मग तिनं तीच ट्यूब घेतली. आवडली म्हणून नाही. आणखी वणवण करायची ताकद नव्हती म्हणून.

आणि तरी महिनाभरात तिचे गाल पुन्हा लाल व्हायला लागले. मी चिडलो. विचारलं, तर सकाळी एकदा लावायची, बस. दुपारी पुन्हा लावायचं राहूनच जायचं. हात कापसात, मान खाली, मशीनच्या आवाजात दिवस कधी कलला ते कळायचं नाही. गच्चीवर कुणी आरसा टांगून ठेवत नाही. मी तिला तिथल्या तिथे सुनावलं, “डॉक्टरानं काय म्हटलं होतं? आता एकदा सुजलं का काम बंद. मंग मले नोका सांगू टाके कोन घालन!”

हाफिजचाचा त्या दिवशी तिच्यासोबत आले होते. बाहेर हातगाडीला टेकून उभे होते. मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही. ते तसेही कुठे बोलतात. तीस-पस्तीस वर्षं त्या मशीनच्या घरघरीत काढलेली दोन माणसं. काय बोलणार एकमेकांशी? तिनं हात वर केला की मशीन बंद, खाली केला की सुरू. त्यांचा संसार एवढ्या दोन खुणांवर चाललेला मी पाहत आलो होतो.

मे महिन्यात मी माझ्या घरच्या गाद्या करायला त्यांना बोलावलं. सुरभीला फोमची गादी हवी होती, तिच्यावरून आमचं भांडण झालं होतं. माझी कंबर कापसाशिवाय ऐकत नाही. दुपारी दुकान बंद करून मी गच्चीवर गेलो. चपलेतून पाय भाजत होते. हाफिजचाचा तोंडाला फडकं गुंडाळून मशीनवर, आणि सुग्राबी कडेला खोळ पसरून टाके घालत बसलेली, नेहमीसारखी रुईनं पांढरी.

तेवढ्यात मशीन थांबली. तिनं हात वर केला नव्हता. हाफिजचाचा उठले, अंदाजानं चार पावलं टाकून तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बोटांनी तिचा गाल चाचपला. चिमटीत रुई धरून काढली. मग दुसरा गाल. मग कपाळ. मग हनुवटी. ती दाभण मांडीवर ठेवून डोळे मिटून बसली होती. त्यांनी हातातली ताजी रुई तिच्या गालावर हलकेच टेकवली आणि सोडली. ती चिकटली नाही, खाली पडली.

“नहीं चिपक रही,” ते म्हणाले. “लगा ले.”

तिनं गाठोड्यातून ट्यूब काढली, दोन बोटं भरून तोंडाला लावलं. मशीन पुन्हा सुरू झाली.

मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन विचारलं, हे काय? हाफिजचाचांनी फडकं खाली केलं. “घडीतले काटे नाई दिसत मले, गोपालभाऊ. तिचं तोंड लाल झालं का काळं, ते बी नाई दिसत. पन रुई समजते हाताले. चिकटली म्हनजे मलम हाय. नाई चिकटली म्हनजे उतरलं.” एवढं बोलून त्यांनी फडकं वर ओढलं. त्या दिवशी ते माझ्या दुकानाबाहेर उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

हे कुठल्या पुस्तकात नसेल. डॉक्टर हसतील, आणि हसायचा त्यांना हक्क आहे. पण त्या दुपारी आमच्या गच्चीवर मशीन तीनदा थांबली, आणि तिन्ही वेळा तो माणूस उठून आला. मी जिन्याच्या दारात उभा राहून पाहत होतो. सुरभीच्या गालाला मी शेवटचा हात कधी लावला, ते मला आठवेना. खाली आल्यावर मी तिला म्हटलं, घे बाई तुला फोमची. तिला वाटलं, मला ऊन लागलं.

त्या उन्हाळ्यात सुग्राबीचा चेहरा पुन्हा सुजला नाही. वांग आहेत तसेच आहेत, डॉक्टर म्हणाले ते राहतील. काम चालू राहिलं. गाद्या मात्र कमी झाल्या. गावात फोमची दोन दुकानं निघाली आहेत, आणि त्यांतल्या एका दुकानाची गादी माझ्या घरात आहे, त्यामुळे मी याविषयी तोंड उघडत नाही.

या वर्षी होळीनंतर माझ्याकडे एक नवी ट्यूब आली. तीही जस्ताचीच, वास नसलेली, पण लावली की पावडरीसारखी कोरडी होते. मला आधी कुणाची आठवण आली असेल ते सांगायला नको. सुग्राबी येताच मी मोठ्या तोऱ्यात ती काउंटरवर ठेवली. “चाची, तुमचा प्रश्न मिटला. आता दाढी नाई येनार.”

तिनं मनगटावर थोडी लावली, सुकू दिली. ओढणीला लागलेली रुई चिमटीत घेऊन त्यावर दाबली. रुई घरंगळून काउंटरवर पडली. तिनं पुन्हा उचलून दाबली. पुन्हा पडली.

“चांगली हाय,” ती म्हणाली.

“मंग देऊ?”

“नको. जुनीच द्या.”

माझा पारा चढला. “काहून? लोकं हसतात म्हनून तुमीच तं डोकं खाल्लं होतं माझं!”

“तुमच्या चाचायले कसं समजन मंग?”

“एवढंच ना? तुमच्या मोबाइलमंधी गजर लावून देतो. दर दोन घंट्यांनी बेल वाजन.” मी हात पुढे केला. तिनं मोबाइल दिला नाही. ओढणीच्या टोकानं ती मनगट पुसत राहिली, पार कोरडं होईपर्यंत.

“बेल तं वाजन, भाऊ,” ती म्हणाली. “पन त्यायचा हात कायले येईन मंग माह्या तोंडावर?”

मी नवी ट्यूब फळीवर ठेवली आणि जुनी काढून दिली.