पायगुण

द्वारकावहिनीला जाऊन आता दीड महिना होत आला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी पूजेला बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. तिची माझी शेवटची भेट झाली होती ती गाडीतच. डोळे दाखवायला तिला पालघरला आणलं होतं, परत जाताना सोबत म्हणून मीही बोईसरपर्यंत गेले. भाचा गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागे. ती नव्वदीला टेकलेली, नजर पार अधू झालेली, पण दर वळणावर तिचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जात होता. चप्पल काढून बाजूला ठेवलेली, पाऊल अनवाणी. मी म्हटलं, "वहिनी, ब्रेक पुढे आहे." तर म्हणाली, "ठाऊक हाय, वन्सं. पण त्याचा पाय उशिरा पडतो." मुलगा साठीला आला तरी त्याचं ब्रेक दाबणं काही आईच्या पसंतीला उतरलं नव्हतं.

मी तिची नणंद. तिच्यात खोट काढायचा हक्क मला जन्माने मिळालेला होता आणि तो मी आळस न करता बजावला. तिचं मीठ जास्त पडायचं, दुपारी ती मोठ्याने घोरायची, पदराला काळे डाग कायमचे. हे सगळं मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. म्हणूनच आज तिचं कौतुक करायला बसले आहे तर कुणी ते पदरचं समजू नये.

साठच्या दशकाच्या मध्यावरचं बोईसर आजच्या लोकांना ओळखू येणार नाही. कारखाने नंतर आले. तेव्हा तारापूरला वीज प्रकल्पाचं काम नुकतं निघालं होतं आणि स्टेशनापासून तिकडे जाणारा रस्ता दिवसभर धुळीत बुडालेला असायचा. ट्रक, जीप, घिवलीपर्यंत माणसं वाहणाऱ्या टॅक्सी, आणि कुठकुठल्या गावांहून आलेले ड्रायव्हर. त्याच रस्त्याला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज होतं आणि मागे दोन खोल्यांचं घर. मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्याकडेच राहत होते. वहिनी केळव्याची, वाडीतली. सुपारी, नारळ, केळी आणि पानवेलीला पाणी देणारं एक तेलावरचं इंजिन, अशा घरात वाढलेली. ते इंजिन रुसलं की वडील आधी तिला हाक मारायचे. लग्नानंतर दादा गाडीखाली आणि ही शेजारी पाने-पकडी पुढे करत बसलेली, आणि पुढे पुढे कुठला पाना हवा ते त्याने सांगायच्या आतच हिच्या हातात. माहेरी गेली की दादा ओहोटीच्या वेळी तिला केळव्याच्या ओल्या वाळूवर गाडी शिकवायचा. नवरा बायकोला समुद्रावर फिरवतोय असं समजून गावातले लोक हसायचे. तिने ठाण्याला जाऊन रीतसर परवानाही काढून आणला होता, पण गावात कोण तिला गाडी चालवू देणार?

मग एका सकाळी एका जुन्या ट्रकचं इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि दादाचा उजवा हात मनगटात मोडला. हाड जुळलं, पण ताकद काही परत आली नाही. पाना धरला तर निसटायचा, स्टिअरिंग तर लांबच. त्या दिवसापासून गाडीखाली वहिनी जायला लागली. गावाने काय म्हणावं? म्हणे हिचा पायगुण! लग्नाला चांगली चार वर्षं होऊन गेली होती. पायगुण इतक्या सावकाशीने लागू पडतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हळदीकुंकवाला बायका तिच्या नखांकडे बघायच्या आणि एकमेकींना डोळ्यांनी खुणवायच्या. ती निमूट वाण घेऊन घरी यायची. मी मात्र घरी येऊन भांडी आपटायचे.

गिऱ्हाइकांचं तर विचारू नका. गाडी घ्यायला आले की पहिला प्रश्न, "हात कुणाचा फिरलाय?" दादा बाहेर स्टुलावर बसलेला असायचा. तो म्हणायचा, "घरचाच." खोटंही नाही आणि पुरतं खरंही नाही. एकदा प्रकल्पावरचा एक ड्रायव्हर आला, घाटावरचा, मिशीवाला. मिस्त्रींना बोलवा आणि तेवढ्यात जरा चहा टाका, असं तो वहिनीला सांगून बसला. वहिनी जीपच्या बॉनेटमध्ये वाकली आणि दादाने आत जाऊन डाव्या हाताने चहा केला. जाताना त्या भल्या माणसाने दादाला, काय हात आहे तुमचा म्हणून शाबासकी दिली आणि वहिनीला, चहा झकास झाला होता म्हणून. दादा आठवडाभर त्या चहावरून मिरवत होता.

पण खरी अडचण असायची ती ट्रायलची. दुरुस्ती झाली की गाडी रस्त्यावर फिरवून बघावी लागते. दादाचा हात चालत नव्हता आणि बाईच्या हातात स्टिअरिंग द्यायला कुणी तयार नव्हतं. गाडीखाली बाई दिसत नाही, स्टिअरिंगवर ती साऱ्या गावाला दिसते, हे त्यातलं इंगित. म्हणून गाडी गिऱ्हाईक चालवायचं, शेजारी दादा, आणि मागे वहिनी, डोक्यावर पदर घेऊन, जणू नवऱ्याबरोबर फेरफटक्याला निघालेली. "वहिनींना पण जरा हवा लागू दे," असं कौतुकाने म्हणणारेही होते. ती हवा खात नव्हती, ऐकत होती. गिअर बदलताना कुठे करकरलं, चढावर इंजिन कुठे अडखळलं, सगळं तिच्या कानात जायचं. काही चुकलं असेल तर मागून दादाच्या खांद्यावर हळूच बोट टेकायचं. मग दादा घसा साफ करून सांगायचा, की अजून थोडं काम बाकी आहे. मला हे सगळं नाटक असह्य व्हायचं. तिला विचारलं तर म्हणायची, "गाडी बरी झाली ना, वन्सं? मग कुठं का बसीना."

हे असंच चालत राहिलं असतं. पण काशिनाथशेटची गाडी ब्रेकच्या कामाला आली आणि वहिनी अडून बसली.

काशिनाथशेटच्या दोन टॅक्सी होत्या आणि आमचं अर्धं गॅरेज त्यांच्यावर चालायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त जगाला विचारून चालणारा होता. रविवार होता, म्हणून मी घरी होते. गाडी तयार झाली आणि शेट ट्रायलसाठी पुढे बसायला निघाले, तर वहिनी दाराला हात लावून उभी. पदर खोचलेला, हात तेलाचे. आज ट्रायल मी घेणार, असं तिने सांगितलं. शेट हसले. त्यांना वाटलं, गंमत चालली आहे. मग तिच्याशी न बोलता ते दादाकडे वळले.

"मिस्त्री, रागावू नका. पण तुमचा हात कसा गेला ते साऱ्या गावाला ठाऊक हाय. तो पाय माज्या गाडीला नको."

माझ्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं, ते फेकून मारावंसं मला वाटलं. दादा स्टुलावरून उठला. इतकी वर्षं "घरचाच" म्हणणारा माझा भाऊ त्या दिवशी सरळ बोलला. हात मोडल्यापासून तुमच्या एकाही गाडीवर माझा हात फिरलेला नाही, सगळा हिचाच आहे, असं त्याने सांगून टाकलं. शेटचा चेहरा उतरला. दोन्ही गाड्या आता जाणार, हे आम्हा तिघांनाही कळून चुकलं होतं. त्या गेल्या असत्या तर शेड टिकलं नसतं.

वहिनी मात्र रागावली नव्हती. तिने विचारलं, "शेट, इंजिन कानाला कळतं, ते मी मागं बसून ऐकते. ब्रेक कानाला नाय कळत, पायाला कळतो. उद्या या गाडीत कोण बसणार हाय?"

शेट म्हणाले, "मुलगी. बेटेगावास्नं बाळंतपणाला आणायची हाय."

"मग तर पाय लावल्याशिवाय मी गाडी द्यायची नाय. न्यायची तर न्या, तुमचीच हाय. पण ब्रेक इथं झाला असं कुणाला सांगू नका."

शेटनी रस्त्याकडे एक नजर टाकली. मग खिशातून चावी काढून ती दादाच्या हातात दिली, आणि दादाने वहिनीच्या. वहिनीने चपला काढून भिंतीलगत जोडीने ठेवल्या आणि अनवाणी आत बसली. शेजारी दादा. शेट मागे, तिच्या रोजच्या जागेवर.

बाजार टाळून गाडी बेटेगावच्या बाजूला गेली आणि लगेच परतही आली. ब्रेक दाबला की ती किंचित डावीकडे ओढत होती. मागे बसलेल्या शेटना ते जाणवलंही नव्हतं. वहिनीने उतरून उजवं चाक खोललं. तिनेच बसवलेलं ब्रेकचं नवं रबर कडेला दुमडलं होतं आणि ब्रेकचं तेल बारीक झिरपत होतं. तिने ते शेटना बोलावून दाखवलं. "चूक माजीच हाय," म्हणाली, "पायानं पकडली." दुसरं रबर बसवलं, ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढली, आणि पुन्हा सगळे निघाले. दादा सांगायचा, या खेपेला तिने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि ब्रेक दाबला. शेटनी मागे देवाचं नाव घेतलं. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली.

शेट त्या दिवशी गाडी घेऊन गेले. मुलगी सुखरूप माहेरी आली, आणि थोड्याच दिवसांनी ते दुसरी टॅक्सी घेऊन दारात हजर. चावी त्यांनी दादाला दिली नाही, वहिनीपुढे धरली.

"हिला पण पाय लावा," म्हणाले.

ज्या गाडीला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, त्या गाडीला पाय लावायचं आमंत्रण! मी आतून ऐकत होते. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी वहिनीला, आमटीत आज मीठ जास्त आहे, असं ओरडून सांगितलं.

तिथून पुढे पालघर-तारापूर पट्ट्यातले ड्रायव्हर ब्रेकचं काम झालं की विचारायला लागले, "बाईंचा पाय लागला का?" सगळे बदलले असं नाही. तिच्यासमोर उभं राहून मिस्त्री कुठे आहेत असं विचारणारे शेवटपर्यंत येत राहिले, आणि गाडीखालून "हितंच हाय" असं उत्तर मिळालं की ओशाळत राहिले. दादा गेल्यावरही तिने शेड पुष्कळ वर्षं चालवलं. गुडघे संपले तेव्हा ते बंद केलं आणि त्यावर एकदाही रडली नाही. मी रडले.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांची गाडी दुरुस्त होऊन मिळायची होती, म्हणून त्यांच्याबरोबर मी इथल्या पालघरच्या एका गॅरेजात बसले होते. कामावर चाळिशीतला एक धिप्पाड माणूस, उत्तरेकडचा, अलीकडेच इकडे आलेला. ब्रेकचं काम संपवून तो उठला, हात पुसले, आणि पायातले बूट काढून भिंतीलगत जोडीने ठेवले. मोजेही काढले. मग अनवाणी गाडीत बसायला निघाला. मी न राहवून विचारलं, बूट का काढले म्हणून. त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"ब्रेक का ट्रायल तो नंगे पैर ही लेते हैं न, माँजी? इधर सब ऐसे ही लेते हैं."

कुणी शिकवलं विचारलं, तर त्याने इथल्याच आपल्या उस्तादाचं नाव सांगितलं. तो उस्ताद माझ्या ओळखीचा नव्हता आणि वहिनीचं नाव या माणसाने कधी ऐकलेलं नव्हतं. गाडी रस्त्याला लागली. मी भिंतीपाशी ठेवलेल्या त्या बुटांकडे बघत बसले... शेजारीण म्हणाली, "काय झालं हो, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. "आमच्या वहिनीचा पायगुण."