खांबेटे मोटरहोम बघतात

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे आपण समजू शकतो. निशिकांत खांबेटेचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. तरी तो ताक फुंकूनच प्यायचा, आणि तेही कुठल्या म्हशीचं, हे विचारून.

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत त्याने सगळी नोकरी ऑडिटमध्ये काढली. दुसऱ्याने केलेल्या कामावर प्रश्न विचारायचे, हाच धंदा. तिथे त्याला मान होता. पंचाईत अशी की संध्याकाळी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, हौगांगला येताना तो ही सवयही घरी घेऊन यायचा. मिक्सर घ्यायला निघाला की अख्खा बाजार पालथा घालायचा आणि मिक्सर न घेता परतायचा. मरीन परेडचा एक फ्लॅट त्याच्या बायकोच्या, उल्काच्या, फार मनात भरला होता. स्वयंपाकघरातून समुद्र दिसायचा. निशिकांतने त्याची इतकी वर्षं चौकशी केली की भाव गगनाला भिडले आणि खांबेटे हौगांगलाच राहिले. वाचलो आपण, असं तो वर म्हणायचा.

अशा माणसाला रिटायर झाल्यावर मोटरहोमचं वेड लागलं. आता बोला! सिंगापूर या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात संपतं. इथे चाकांवरचं घर घेऊन जायचं कुठे? शिवाय इथे गाडी बाळगायच्या परवान्यातच माणूस अर्धा संपतो. मग चौकशीअंती ठरलं की जुनी गाडी पलीकडे, मलेशियात घ्यायची, तिथेच ठेवायची आणि आपण बसने पूल ओलांडून तिच्याकडे जायचं. म्हणजे मोकळं भटकण्यासाठी आधी इमिग्रेशनच्या रांगेत ताटकळायचं. यातला विनोद त्याला दिसला नाही. पण इच्छा चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. हिला जन्मात कुठे नेलं नाही, आता दोघांनी निघावं, संध्याकाळ होईल तिथे थांबावं, चहा करून प्यावा. एकदा भाजी निवडताना त्याने हे उल्काला सांगितलं, तेव्हा तिचे हात थांबले होते.

पुलापलीकडे जोहोरला लिमअंकल नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्या विकायचे. त्यांच्या आवारात वीसेक वर्षांचं एक मोटरहोम उभं होतं. आत छोटासा ओटा, सिंक, घडीचं टेबल, दोघांपुरता बिछाना. निशिकांत आत शिरला आणि ओट्याला हात लावून नुसता उभा राहिला. हीच गाडी, हे त्याचं तेव्हाच ठरलं होतं. पण मनाचं ऐकेल तो खांबेटे कसला. खाली उतरून त्याने विचारलं, छप्पर गळतं का?

लिमअंकल सरळ माणूस. त्यांनी पाइप लावून वर पाणी सोडलं. छप्पर गळत होतं. पुढच्या शनिवारी ते दुरुस्त झालेलं. मग निशिकांतने ब्रेकचं काढलं, मग गॅसच्या नळीचं, मग टायर कधीचे आहेत त्याचं. तो शनिवारी जाऊन एक खोट काढायचा आणि लिमअंकल आठवडाभर ती निस्तरायचे. अधूनमधून उल्काही सोबत जायची. ती काही विचारायची नाही, आत जाऊन खिडकीशी बसायची. मुलगी इरा सिंगापुरातच वाढलेली. ती एकदा वैतागून तिथल्याच इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट बाय लाह." त्यावर त्याने गंज बघायचा राहिलाय असं सांगितलं. दुसरी गिऱ्हाइकं येऊन जातायत, असं लिमअंकलनीही सुचवलं. निशिकांत हसला. विकणारे असंच म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं.

गंज बघायला टॉर्च घेऊन तो गेला, त्या शनिवारी काचेवर 'सोल्ड' असं चिकटवलेलं होतं. लिमअंकलनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. तुमच्यामुळे गाडी इतकी चांगली झाली की घेणाऱ्याने एक प्रश्न विचारला नाही, म्हणाले. घेतली कुणी, ते मात्र सांगेनात. तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर निशिकांत मटकन बसला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे तर झोपा करून दिला आणि बैल दुसऱ्याच्या गोठ्यात गेला. परतताना बस पुलावर अडकली आणि साठीचा हा माणूस खिडकीकडे तोंड करून रडला.

घरी येऊन त्याने उल्काला सांगून टाकलं. गाडी गेली, माझ्या हाताने घालवली. तुझं मरीन परेडचं घरही मीच घालवलं. इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलत होता. उल्काने सगळं ऐकून घेतलं.

"मीच घेतली ती," ती म्हणाली. "छप्पर झालं, ब्रेक झाले, टायर नवे बसले. अजून कशासाठी थांबायचं होतं?"

निशिकांतला हसू की रडू ते कळेना. खुर्ची मागे सारून तो उठला, बायकोचे दोन्ही हात धरले आणि निघायचं कधी ते विचारलं.

"बुधवारी. पिनांगपर्यंत जाऊन येतो, मी आणि सुलेखा."

सुलेखा वरच्या मजल्यावर राहायची. उल्काची जुनी मैत्रीण, गाडी चालवण्यात पटाईत.

"आणि मी?"

"गाडी मिळाली की लगेच निघायचं का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू. सुलेखाला विचारलं, ती हो म्हणाली."

हे उल्का रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात बोलली आणि मसाल्याच्या पुड्या बांधायला लागली. मीही येतो, असं निशिकांतच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या गाडीत तिसऱ्या माणसाला झोपायला जागा नव्हती. सबंध सिंगापुरात ही गोष्ट त्याच्याइतकी पक्की कुणालाच माहीत नव्हती.