सात चाळीसचा मोकळा रस्ता

भाईंदर पूर्वेच्या आमच्या मोठ्या बागेतून एक रस्ता जातो. मुळात तो माळीकामाच्या गाड्यांसाठी होता, पण अलीकडच्या गोडदेव गावच्या आणि पलीकडच्या नव्या टॉवरच्या लोकांनी त्याचा शॉर्टकट करून टाकलाय. सकाळी सात ते नऊ त्यावरून काय जात नाही! दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली, पाववाल्यांच्या सायकली, पुढे एक पोर उभं आणि मागे दोन दप्तरं अशा स्कूटर. चालायच्या ट्रॅकवर पोचायचं तर हा रस्ता ओलांडावाच लागतो.

तिथे एक सिक्युरिटीताई उभी असते. चाळिशीची, सावळी, गळ्यात छोटा क्रॉस. पहाटेच्या बसने भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी गावाहून येते. शिट्टी गळ्यात असते, पण ती वाजवताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. नुसता तळवा दाखवते आणि मोटरसायकल हळू होते. सगळे तिचं ऐकतात. का ऐकतात ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. माझं तर घरात कुणी ऐकत नाही.

दीड वर्षापूर्वी माझ्या नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, स्वभावही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज चालले तर पाय सुटेल, बसून राहिले तर कायमचे बसतील. त्या वाक्याने माझी झोप उडाली होती. आमचे हे पस्तीस वर्षं ऑफिसला सात चाळीसला निघाले, एक दिवस उशीर केला नाही, म्हणून फिरायलाही सात चाळीसलाच जाणार. "नऊनंतर जाऊ, गर्दी नसते," म्हटलं तर म्हणाले, "घाबरून वेळ बदलायची? मी नाही बदलणार." म्हणजे ऐन गर्दीत.

पहिल्या दिवशी काठी टेकत, पाय ओढत ते रस्त्यात उतरले. ताईने दोन्ही हात वर केले आणि दोन्हीकडची रहदारी जागच्या जागी थांबली. चाळीस-पन्नास माणसं ह्यांच्याकडे बघत उभी. शेजारच्या लॉनवर लाफ्टर क्लब चालू होता. त्या मंडळींना कुठल्याही गोष्टीला टाळ्या वाजवायची सवय. मनाने सगळे फार चांगले. त्यांनी तालात टाळ्या धरल्या. "शाब्बास काका! चलते रहो, चलते रहो!"

हे रस्त्याच्या मध्यावर थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग काठी वळवली आणि परत फिरले. घरी आल्यावर म्हणाले, "मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" त्यानंतर खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बारा दिवस उठले नाहीत. पाय पुन्हा ताठरायला लागला होता. मला रात्रंदिवस ती खुर्चीच दिसायची.

तेराव्या दिवशी मी तणतणत बागेत गेले आणि सगळा राग ताईवर काढला. "तुम्हाला एवढा तमाशा करायला कुणी सांगितलं होतं?"

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकी, चूक झाली माजी. रस्ता थांबवला की लोक बगतात. काकांना थांबवलेला रस्ता नको, रिकामा पायजे."

"सकाळी पावणेआठला? इथे?"

"करते मी. पन त्यांना कलला न्हाय पायजे. तुमी दोन दिवसांनी घेऊन या."

मी घरी येऊन खोटं बोलले. म्हटलं, गाड्या आता बाहेरच्या रस्त्याने वळवल्यात, बागेत कुणी नसतं. "मग आधीच सांगायचं होतंस," हे म्हणाले आणि काठी मागितली.

आम्ही सात चाळीसला पोचलो आणि रस्ता खरोखर रिकामा होता. एक सायकलसुद्धा नाही. डावीकडे माळ्याने पाण्याचा पाइप रस्त्यावर आडवा टाकून झाडांना पाणी घालायला घेतलं होतं. लाफ्टर क्लबवाले आमच्याकडे पाठ करून, कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून हसत होते. जॉगिंगवाली मुलं लॉनवर बुटांच्या नाड्या बांधत बसलेली, सगळी एकदम. हे सावकाश निघाले. पाय ओढायचा, काठी, पाय. दोन मिनिटं लागली असतील. पलीकडे पोचल्यावर म्हणाले, "बघ, काही नसतं. तूच उगाच घाबरतेस."

मी रुमाल राहिल्याचं निमित्त करून मागे आले आणि उजवीकडच्या वळणापर्यंत गेले. तिथे बघते तर झाडांच्या आड तीसेक गाड्या उभ्या. इंजिनं बंद. दूधवाले, पाववाले, दप्तरं घेतलेली पोरं. त्यांच्यापुढे ताई, पाठीमागे एक हात आणि पुढे एक तळवा. कुणी हॉर्न मारत नव्हतं. आमच्या भाईंदरला सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागचा हॉर्न मारतो हो! इथे एक लहानगी बापाला काही विचारायला लागली तर त्याने तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. एवढ्या परक्या माणसांनी, कुणी ऑफिसचं मस्टर, कुणी शाळेची घंटा सोडून, माझ्या नवऱ्याचा मान सांभाळला होता. हे ट्रॅकवर दिसेनासे झाले, ताईने तळवा खाली केला, तशी इंजिनं सुरू झाली आणि सगळे आपापल्या घाईला लागले.

हे रोज झालं. एकदा ताई तिच्या गावच्या सणाला सुट्टीवर होती आणि तिच्या जागी मोबाइलमध्ये डोकं घातलेला कुणी नवा. मी जीव मुठीत धरून निघाले. पण रस्ता रिकामाच होता. वळणावर एक दूधवाला मोटरसायकलवरून उतरून, बाकीच्यांपुढे थेट ताईसारखा तळवा धरून उभा होता. त्याला हे काम कुणी सांगितलं होतं? मला तर देवळातही इतकं भरून आलेलं आठवत नाही.

चार महिन्यांत पाय सुटला. काठी राहिली, पण ओढणं गेलं. हे आता ट्रॅकच्या दोन फेऱ्या मारतात आणि बाकावर पेपर वाचत बसतात; उठेपर्यंत नऊ वाजून गर्दी ओसरलेली असते. खुर्ची मी भंगारात दिली.

परवा रस्ता ओलांडून झाल्यावर हे चक्क ताईची वाट बघत थांबले. ती दूधवाल्याला तळवा धरायला लावून वळणावरून धापा टाकत आली, कपाळावर घाम. हे मोठ्या आपुलकीने म्हणाले, "काय ताई, तुमचं बरं आहे हो! नुसतं उभं राहून पगार. इथे तर एक गाडी फिरकत नाही. मी म्हणतो, तुम्हाला इथे ठेवलंय तरी कशाला?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ताईने मात्र पदर नसल्यामुळे बाहीनेच घाम पुसला आणि हसली. "हां काका," ती म्हणाली, "सोपा काम हाय माजा."

मला तिथेच तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडले असते, तर ह्यांनी कारण विचारलं असतं.