"पोता" म्हणजे काय हो?

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज दुपारचंच लिहिते.

आमच्या शेजारचे कारकून निजामाच्या संस्थानाचं विलीनीकरण झाल्यावर वरंगळहून तुळजापुरात बदलून आले. त्यांची तेलुगू बायको आज उंबऱ्यात बसून "पोता, पोता" म्हणत रडत होती. समोरच्या काकू ओरडल्या, "देवी अंगात आलीया, पोत मागतीया!" लगेच देवीचा पेटता पोत आला, कुंकू आलं. ती भेदरून भिंतीला चिकटली.

मी कारकुनांना विचारलं, "पोता म्हणजे काय हो?"

"जाते. घरी जाते, असं रोज म्हणते." मग हळूच म्हणाले, "पण बाई, देवीच म्हणू द्या. वेडी म्हणाले तर खोली कोण देणार?"

मीही मुकाट्यानं हात जोडले.

त्यांना इथं येऊन वर्ष झालं, तिला आम्ही कुणी काही विचारलंच नाही. तेलुगूत "कशी आहेस?" कसं विचारतात, कुणाला येतं का?